लेंटमध्ये चहा चालत नाही

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात चर्चच्या आत पाऊल न टाकता एकही रविवार न चुकवणारा ख्रिस्ती माणूस एकच होऊन गेला, आणि ते म्हणजे माझे मोठे मामा. ही भाचीची अतिशयोक्ती वाटत असेल तर दिग्रसच्या आमच्या मंडळीत कोणालाही विचारा. रविवारी सकाळी मामा पांढरा सदरा घालत, केसांना तेल लावून भांग पाडत, मामीला मोपेडवर मागे बसवून चर्चच्या फाटकापर्यंत आणत, आणि ती आत गेली की स्वतः अंगणातल्या कडुनिंबाच्या पारावर जाऊन बसत. तो पार बरोबर खिडकीला लागून होता. "मी गाड्या सांभाळतो," असं ते सांगत. गाड्या म्हणजे त्यांची ती मोपेड आणि मंडळीतल्या चार सायकली. फुकट दिल्या तरी दिग्रसच्या कुठल्या चोराने त्यांना हात लावला नसता. तिथे बसून मामा सगळी उपासना ऐकत. पाळकसाहेबांनी एखाद्या वचनाचा अध्याय चुकीचा सांगितला की खिडकीतून आवाज येई, "साहेब, अध्याय चुकला." प्रवचन लांबलं की मोपेडचा हॉर्न वाजे. एकदा वाजला की आवरतं घ्यायचं, दुसऱ्यांदा वाजला की आमेन म्हणायचं. बदली होऊन जाणारा पाळक नव्या पाळकाला दोन गोष्टी आवर्जून समजावून देत असे, चर्चच्या किल्ल्या कुठे असतात आणि हॉर्नचा अर्थ काय.

माझं माहेर राळेगावकडचं. दिग्रसच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली तेव्हा वडिलांनी मला ट्रंकेसकट मामांच्या दारात आणून सोडलं, आणि लग्न होईपर्यंतची माझी सगळी वर्षं त्या घरात गेली. म्हणून हे जे सांगते आहे ते ऐकीव नाही. यातलं बरंचसं मी स्वतः सोसलेलं आहे.

मामांनी सगळी उमर कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर म्हणून काढली. ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस. कापसाची गाडी आली की आत कोपरापर्यंत हात घालायचा, पार तळातून मूठभर कापूस ओढून काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ताणायचा आणि सांगायचं, हा वरच्या ढिगात टाका, हा मधल्या, ही कवडी. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला, अर्धवट उमललेला कापूस, सगळ्यात खालच्या भावाचा. मामा निवृत्त झाले तेव्हा कापूस सुटला, पण चिमटी काही सुटली नाही. जगातली कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचे अंगठे आपोआप एकमेकांजवळ येत आणि निकाल लागे. प्रवचन संपवून पाळकसाहेब बाहेर आले की मामा पारावरून सांगत, "धागा बरा होता साहेब, पण पत्ती लय होती." पत्ती म्हणजे कापसात अडकलेला पालापाचोळा. माझ्यासाठी कळंबचं एक स्थळ आलं, मुलगा दिसायला छान, बोलायला गोड. तो गेल्यावर मामा बराच वेळ हवेत धागा ताणत बसले आणि म्हणाले, "लांब धाग्याचा हाय, पण ओल लय हाय. सुकल्यावर वजन किती भरन, सांगता येत नाही." ओला करून आणलेला कापूस काट्यावर कसा फसवतो हे मला तोवर कळायला लागलं होतं, म्हणून मी नकार दिला. तो नंतर सुकला की नाही माहीत नाही, पण त्या नकाराचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. मामीची मात्र एक तक्रार होती, आणि ती माझ्यापुढे भाजी निवडताना हमखास निघे. "लग्नाले इतके वर्षं झाले, पण माह्या वरनाले अजून वरचा ढीग भेटला नाही," ती म्हणायची.

एका गोष्टीत मात्र मामांची प्रतवारी भावनेच्या आहारी जात असे, ती म्हणजे चहा. चहा समोर आला की ते आधी वास घेत, मग बशीत ओतत, बशी डोळ्यांच्या रेषेत धरून रंग पाहत, आणि पहिला फुर्रका मारून ग्रेड सांगत. ग्रेड कितीही खालची लागली तरी बशी चाटूनपुसून साफ होई आणि दुसऱ्या कपाची वाट पाहिली जाई. एसटीने यवतमाळला जाताना दारव्ह्याच्या स्टँडवर कुठे वाफ दिसली की मामा खाली उतरलेच म्हणून समजा. कंडक्टर बेल मारी, गाडी निघून जाई, आणि मामा पुढच्या गाडीने येत. सुरुवातीला मामी घाबरायची. नंतर तिने आपलं तिकीट आणि सगळ्यांचा डबा स्वतःजवळ ठेवायला सुरुवात केली, आणि पुढचा सगळा संसार निश्चिंतपणे केला. दिग्रसच्या स्टँडवरचा चहावाला राठोड शेजारच्या तांड्यावरचा होता. मामांना तो घरच्या माणसासारखा मानत असे, आणि त्याच्या मानण्यात काही अंशी धंद्याचं गणितही होतं.

आता मामा चर्चच्या बाहेर का बसत, तर ढोलकीमुळे. निदान सगळ्या गावाला कारण म्हणून ढोलकीच माहीत होती. तरुणपणी मामा उपासनेत ढोलकी वाजवत. त्या काळचे लोक अजून सांगतात की भजनाला मामांची थाप पडली की मागच्या रांगेतले डुलक्या घेणारे म्हातारेही ताठ बसत. मग कुणी एक पाळक पेटीवजा विजेचं वाद्य घेऊन आले आणि म्हणाले, ढोलकीला काही महिने विश्रांती देऊ. मामांनी ढोलकी उचलली, घरी आणली, मामीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून खुंटीला टांगली, आणि जाहीर केलं की ढोलकी आत जाईल तेव्हाच मी आत जाईन. पुढे ते पाळक बदलून गेले, विजेचं वाद्य उंदरांनी आतून खाल्लं, नंतरच्या प्रत्येक पाळकाने घरी येऊन हात जोडले, पण मामांचं एकच, "पाहू." दर शनिवारी संध्याकाळी मात्र ते ढोलकी खाली काढत, पुडी पुसत, दोऱ्या ओढून सूर लावत, एक थाप मारत आणि पुन्हा टांगून ठेवत. ती थाप ऐकली की मामी जिथे असेल तिथे हातातलं काम थांबवायची. तिचं या जगाकडे फार मागणं नव्हतं. बायकांच्या बाजूला चटईवर बसलेलं असताना पुरुषांच्या बाजूने ती थाप एकदा परत ऐकू यावी, एवढंच तिला हवं होतं. रोजच्या प्रार्थनेत ती हे मोठ्याने मागायची, आणि मामा शेजारच्या खोलीत पेपर जरा जास्तच जोरात उलटायचे.

मामांची श्रद्धा मुळात साधीसुधी नव्हती. लहानपणी ते मिशनच्या बोर्डिंगात होते. तिथे सगळ्यात आधी उठून विहिरीवर पाणी भरायला जायची त्यांना फार हौस, कारण त्यांची खात्री होती की प्रभू पहाटे विहिरीच्या काठावर येऊन बसतो, आणि दुसरं कोणी पोहोचायच्या आत गेलं तर भेट होते. "भेट झाली का मग?" मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "तवा रोज व्हायची." आणि लगेच विषय बदलून त्यांनी माझ्या नव्या साडीच्या सुताची ग्रेड काढली.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे लेंट, आमचा उपवासकाळ, तो दर वर्षी बुधवारी लागतो. आमच्या मंडळीत त्या दिवसांत रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थनासभा असते. भजनं होतात, वचन वाचतात, मग साखळी प्रार्थना होते, म्हणजे बसलेल्या प्रत्येकाने पाळीपाळीने एकदोन वाक्यं प्रार्थना करायची, आणि शेवटी चहा. हा चहा पूर्वी नुसता चहाच होता. बरे दिवस आले तसा त्याच्यासोबत चिवडा आला, मग भजी आली, मग एकीने उपमा केला म्हणून दुसरीने शिरा केला, आणि एका साली तर कोणाकडे तरी जेवणाची पंगत उठली. उपवासकाळात मंडळीचं वजन वाढतं म्हणून एका पाळकांनी तक्रारसुद्धा केली होती. नंतर कापसाचे वाईट दिवस आले. भाव उतरत गेला, जिनिंगचा भोंगा आठवड्यातून एखाद्या दिवशी वाजू लागला, आणि आमच्या मंडळीतली निम्मी घरं तर त्या भोंग्यावरच चालत होती, उरलेली कापसाच्या शेतीवर. सभेसाठी घर द्यायची वेळ आली की लोक खाली पाहू लागले. कोणाकडे पाहुणे येणार असायचे, कोणाकडे रंगकाम निघायचं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण दूधसाखर परवडत नाही असं कोणी तोंडाने म्हणेना. शेवटी लेंट लागायच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं की यंदा घरोघरच्या सभा बंद, ज्यांना जमेल त्यांनी चर्चमध्येच यावं. पाळकसाहेब तरुण होते, नवेच आलेले. 

मामांनी हे खिडकीतून ऐकलं. परत येताना त्यांनी मोपेड आमच्या घराकडे न वळवता शेवंताबाईच्या गल्लीत घातली. शेवंताबाई जिनिंगमध्ये कापूस निवडायच्या कामाला होती, नवरा वारलेला, त्याच्या वेळची कापसाची शेती विकलेली, घरात ती एकटी. लेंटची पहिली सभा दर वर्षी तिच्याकडे व्हायची, आणि यंदा तिने पाळकसाहेबांना निरोप पाठवला होता की घराची भिंत पडली आहे. मामांनी मोपेडवर बसूनच ती भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. मग उतरून हाताने थोपटून पाहिली. शेवंताबाई दारात आली आणि भिंतीसारखीच उभी राहिली. मामा म्हणाले, "भिंत तं एक नंबर हाय बाई," आणि मोपेडवर बसून निघाले. घरी आल्यावर मामी एवढंच म्हणाली, "भिंत नाही हो, दूध पडलं तिचं." त्या दुपारी मामा झोपले नाहीत. सारखे चिमटीत काहीतरी ताणत बसले होते.

त्या संध्याकाळी पाळकसाहेब आमच्याकडून सभांच्या चटया परत न्यायला आले, तेव्हा मामांनी त्यांना खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं, "साहेब, तुमी नवे हा म्हणून सांगतो. लेंटमध्ये चहा चालत नाही."

पाळकसाहेब गोंधळले. "म्हणजे? कुठे सांगितलंय तसं?"

"जुनी शिस्त हाय मिशनची. मी बोर्डिंगात होतो तवा लेंटमध्ये चहा पेणं नाही, पाजणं नाही. मधातल्या काळात लोक बिघडले. तुमी घरोघरच्या सभा सुरू करा आणि पहिल्याच दिवशी सांगा, जो चहा ठेवन त्याच्या घरी पुढच्या साली सभा नाही. कोणी चोरून ठेवते का, ते पाहाले मी सोता येतो रोज."

मामी दाराशी उभी होती. तिच्या हातात पाळकसाहेबांसाठी केलेल्या चहाचा ट्रे होता. ती म्हणाली, "तुमी चहा सोडान? तुमी?" मामांनी त्या ट्रेकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर फक्त लेक सासरी जाताना बापांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. मग ते म्हणाले, "बुधवारपासून." आणि दोन्ही कप स्वतःच पिऊन टाकले. पाळकसाहेब गेल्यावर मी मामीला विचारलं की ही शिस्त खरंच होती का. मामी हसली. "बोर्डिंगात चहा कवाच भेटत नव्हता गं. लेंट असो का नाताळ, चहा मालूमच नव्हता पोरायले."

पहिला आठवडा आमच्या घराने कसा काढला ते आमचं आम्हाला ठाऊक. मामांचं डोकं धरलं. ते डोक्याला फडकं बांधून अंगणात येरझाऱ्या घालत आणि दिसेल त्याला कवडी म्हणत. वर्तमानपत्र कवडी, सरकार कवडी, मी केलेली भाकरी कवडी. सकाळी मामी बशीत गरम पाणी देई आणि ते डोळे मिटून फुर्रका मारत. मी शाळेत चहा पिऊन घरी आले की ते दारातच नाकपुड्या फुलवत आणि म्हणत, "आलं होतं का त्याच्यात?" मला फार अपराधी वाटायचं. तरी मी शाळेतला चहा सोडला नाही, कारण घरात एका वेळी एकाने वेडं व्हावं असं माझं मत होतं. मामा नुसता वास घ्यायला राठोडच्या टपरीवर जाऊन बसू लागले. दोनतीन दिवस राठोडला वाटलं की घरात कोणीतरी गेलं आहे आणि मामांना सांगवत नाहीये. कारण कळल्यावर तो डोक्याला हात लावून म्हणाला, "मामाजी, तुमच्या भरोशावर मी दुसरी म्हैस घेतली ना. आता तिले मी कोणता सण सांगू?" मामांनी त्याला धीर दिला आणि तिथेच बसून दुसऱ्यांच्या कपातल्या चहाला लांबून ग्रेड दिल्या.

पण सभा सुरू झाल्या. पहिलीच सभा शेवंताबाईकडे झाली, त्या न पडलेल्या भिंतीच्या आत. एका घराने दार उघडलं तसं दुसऱ्याने उघडलं, आणि पाहुणे, रंगकाम सगळं आपोआप मिटलं. कारण आता कोणाला काही द्यायचंच नव्हतं, माठातलं पाणी आणि बसायला चटई पुरे होती. मामा तपासनीस म्हणून रोज हजर. घर म्हणजे काही चर्च नव्हे, त्यामुळे त्यांची प्रतिज्ञाही शाबूत होती. पहिल्या दिवशी ते उंबऱ्यातच बसले आणि चुलीवर नजर ठेवून राहिले. भजन सुरू झालं, पण आवाज पडलेले, ताल कुठे आणि शब्द कुठे. मामांनी थोडा वेळ सहन केलं. मग शेजारचा तेलाचा रिकामा डबा ओढला आणि त्यावर दोन बोटं मारली. गाणाऱ्यांनी माना वर केल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघताना मामा खुंटीपाशी थांबले, इकडेतिकडे पाहिलं, आणि ढोलकी काढून म्हणाले, "डब्याच्या आवाजानं कान दुखते." मामी चपला घालत होती. ती एक शब्द बोलली नाही, कारण बोलली असती तर ते परत टांगतील ही भीती तिला होती.

साखळी प्रार्थनेत मामांची पाळी आली की मात्र पंचाईत होई. ते तोंड उघडत नसत. सगळे डोळे मिटून वाट पाहत, आणि मामा ढोलकीवर एक थाप मारत, म्हणजे पुढच्याने सुरू करावं. पहिल्यांदा पाळकसाहेबांना काय करावं कळेना. मग त्यांनी आपणहून थापेनंतर "आमेन" म्हणायला सुरुवात केली, आणि मग सगळेच म्हणू लागले. रोज एक थाप, रोज एक आमेन, असं चाललं होतं. पोरीसोरींना त्याची गंमत वाटे. मामी मात्र त्या थापेच्या वेळी डोळे इतके घट्ट मिटायची की कपाळाला आठ्या पडायच्या.

लेंटचा शेवटचा आठवडा लागला आणि सभा फिरून पुन्हा शेवंताबाईकडे आली. साखळी सुरू झाली. मामांची पाळी आली. थाप पडली नाही. मी डोळे उघडून पाहिलं तर मामांचे दोन्ही अंगठे एकमेकांजवळ आले होते आणि चिमटीत काहीच नव्हतं.  मग ते बोलले, आणि त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"प्रभू, ढोलकीचं निमित्त होतं. सोमवारपासून शनिवारपर्यंत मी या लोकायचा कापूस खालच्या ढिगात टाकत होतो. मालक सांगे, वरचा ढीग भरू नका. मी चांगला धागा हातात धरून कवडी म्हणत होतो. मंग रविवारी यायच्याच मांडीले मांडी लावून तुह्याजवळ माफी कशी मांगू? म्हणून बाहेर बसलो. खिडकीतून तुहा आवाज येत होता, तेवढा पुरला इतके दिवस. आता पुरत नाही. आमेन."

 पाळकसाहेबांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण शेवंताबाई आधी बोलली. तिचा नवरा हयात असताना त्यांची गाडी मामांपुढे कितीदा उभी राहिली असेल कोण जाणे. ती म्हणाली, "मामाजी, आमाले तवाच मालूम होतं. तुमी कवडी म्हणतानी खाली पाहत होते. बाकीचे तं आमच्या डोळ्यात पाहून म्हणत होते." आणि डोळे मिटून म्हणाली, "आता माही पाळी," आणि तिने आपली प्रार्थना सुरू केली. मला रडू आलं, आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही.

घरी येताना मामा पुढे चालत होते, ढोलकी काखेत. वाटेत थांबून ते मला म्हणाले, "पोरी, विहिरीवर बसते बरं तो अजून. मीच पाणी भराले जात नव्हतो." माझ्या मागे मामी होती. तिने ऐकलं की नाही मला कळलं नाही, पण त्या आठवड्यात तिने मामांचा पांढरा सदरा दोनदा धुतला आणि तीनदा इस्त्री केला.

ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी भजनं गात सगळ्या वस्तीतून फेरी काढते आणि उजाडता उजाडता चर्चमध्ये येऊन पोहोचते. त्या वर्षी फेरीच्या पुढे मामा होते, गळ्यात ढोलकी अडकवलेली. काय वाजवत होते ते. गल्लीगल्लीतून लोक दार उघडून बाहेर येत होते, आमचे बौद्ध शेजारी ओट्यावर उभे राहून टाळी धरत होते, आणि स्टँडजवळून जाताना राठोड टपरी तशीच टाकून फेरीत सामील झाला. चर्चचं फाटक दिसलं तशी मात्र आमची चाल मंदावली. सगळ्यांच्या मनात एकच होतं, की मामा आता निंबाकडे वळणार. त्यांना अडचण नको म्हणून पुढचे लोक बाजूला सरकू लागले, वाट करून देऊ लागले. मामी बायकांच्या घोळक्यात गाणं विसरून नुसतीच उभी होती. पण मामांची थाप थांबली नाही, आणि थाप थांबली नाही म्हणून गाणं थांबलं नाही, आणि गाणं थांबलं नाही म्हणून कोणालाच थांबता आलं नाही. मामा निंबावरून सरळ पुढे गेले. दारात चपला काढायच्या होत्या आणि हात मोकळे नव्हते, तर त्यांनी पाय झटकला. एक चप्पल बाहेर राहिली आणि दुसरी उडून थेट पाळकसाहेबांच्या पायाशी जाऊन पडली. पाळकसाहेबांनी ती उचलून आदराने बाजूला ठेवली. मागोमाग आम्ही सगळे आत घुसलो, आणि ती ढोलकी त्या कौलांखाली अशी घुमली की वळचणीतली कबुतरं उडाली. बायकांच्या बाजूला चटईवर बसून मामी गात होती. मामीला सूर कधीच नव्हता. त्या दिवशी तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता आणि सगळ्यांहून बेसूर होता, आणि मी आयुष्यात त्याहून चांगलं गाणं ऐकलेलं नाही. प्रवचन त्या दिवशी फार लांबलं. हॉर्न वाजवायला बाहेर कोणी नव्हतंच.

उपासना संपली तेव्हा निंबाखाली तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं चढलेलं होतं. दूध राठोडने आणलं होतं, दुसऱ्या म्हशीचं. चहा शेवंताबाईने केला होता. लेंट संपलं होतं. पहिला कप मामांच्या हातात आला तसे सगळे भोवती जमले, कारण इतक्या दिवसांनंतरचा पहिला चहा, आता ग्रेड काय लागते ते ऐकायचं होतं. चहाला धुराचा वास होता हे दोन हातांवरून कळत होतं, आणि साखर भरमसाट पडली होती. मामांनी वास घेतला. बशीत ओतला. बशी डोळ्यांसमोर धरली, फुर्रका मारला, डोळे मिटले. शेवंताबाई पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. मामांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आज ग्रेड नाही. सगळ्यायचं एकाच ढिगात टाका."

त्यानंतर मामांनी कशालाच ग्रेड दिली नाही, असं सांगायला मला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. माझ्या नवऱ्याला त्यांनी पहिल्याच भेटीत मधल्या ढिगात टाकलं, आणि तो बिचारा अजून तिथेच आहे. पण माणसांना कवडी म्हणणं मात्र त्यांनी सोडलं. रविवारी ते आत बसू लागले, आणि त्यांच्या जागी पारावर कोणी बसेना, सायकली मात्र तशाच्या तशा राहिल्या.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कापसाचे बरेवाईट दिवस आले आणि गेले, घराघरात साखर आली, गॅस आला, तरी आमच्या मंडळीत लेंटमध्ये चहा होत नाही. नव्या पाळकाने विचारलं की हे कुठे लिहिलं आहे, तर म्हातारेकोतारे अगदी गंभीरपणे सांगतात की जुनी शिस्त आहे मिशनची. मी आणि मामी एकमेकींकडे पाहतो आणि गप्प राहतो. लेंटमध्ये मी जमेल तेव्हा दिग्रसला जाते. मामी आता फार वाकली आहे, पण रोजच्या सभेला ढोलकी मांडीवर घेऊन बसते. तिला ती वाजवता येत नाही. साखळी प्रार्थनेत तिची पाळी येते, ती आपलं मागणं मागते, आणि तिच्या शेजारच्या, मामांच्या रिकाम्या जागेची पाळी आली की सुरकुतलेल्या हाताने ढोलकीवर एक थाप मारते. नवे पाळकसाहेब चुळबुळतात, पुढे कोण आहे ते पाहतात. आम्ही बाकीचे सगळे म्हणतो, आमेन.